चोपन्नावा आठवडा

कॉम्प्युटरवरच्या सूत्राने चोपन्न म्हटलं तेव्हा तक्तेवालीला आधी हसूच आलं. वर्षाचे आठवडे बावन्न, फार तर ओढूनताणून त्रेपन्न. चोपन्नावा कुठून उपटला? तिने तारखेवर पुन्हा क्लिक केलं. एकतीस डिसेंबर, रविवार. आकडा ढिम्म हलला नाही.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिचं काम एवढंच, की धरणाच्या मनोऱ्यावर कुठल्या आठवड्यात कुठला गेटवाला राहणार याचा वर्षभराचा तक्ता लावायचा. म्हणून ती तक्तेवाली. आठवडा रविवारी सुरू होई आणि एक जानेवारीला मोजणी नव्याने लागे. यंदा एक जानेवारी शनिवारी आली, तो एकटा दिवसच पहिला आठवडा होऊन बसला. त्यात वर्ष लीपचं. म्हणून शेवटचा रविवारही एकटाच उरला होता. एका दिवसाचा आठवडा.

तिने गंमत म्हणून तारखा मागे ओढल्या, मग पुढे. असं वर्ष अठ्ठावीस वर्षांपूर्वी आलं होतं, आणि पुढचं अठ्ठावीस वर्षांनी. मागची तारीख तिला चांगली ठाऊक होती. त्या रविवारी तिचे बाबा मनोऱ्यावर होते.

मनोऱ्याचा नियम साधा होता. पुढचा माणूस वहीत 'चार्ज घेतला' म्हणून सही करत नाही तोवर आधीच्याने जिना उतरायचा नाही. पाणी चढलं आणि गेटजवळ कोणी नसलं तर खालची वस्ती वाहून जाईल. त्या वेळी सोमवारी नव्या वर्षाचा गेटवाला गेला तर दिवा चालू, कपातला चहा गरम, वही उघडी आणि बाबा नाहीत. तलाव गाळून काढला, काही सापडलं नाही. पुढे नवी वही आली, पण जुनी मिटायला कोणी धजावलं नाही. वर कोणीतरी येरझारा घालतं, असं सगळे गेटवाले म्हणत. रविवारी सकाळी आठच्या सुमाराला तर पावलं जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबतात. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून ती त्यांनाच चिडवायची. घरी जाऊन रडायची ते वेगळं.

ती साहेबांकडे गेली. साहेब निवृत्तीला आलेले. त्यांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"सूत्राच्या कंसात दोन लिही," ते म्हणाले. "म्हणजे आठवडा सोमवारपासून धरला जातो. चोपन्न निघून जाईल."

"तेव्हा कोणाची ड्यूटी होती त्या रविवारी?"

"कोणाचीच नाही." साहेब टेबलाकडे बघत होते. "तेव्हा मी तुझ्या जागेवर होतो. कॉम्प्युटर नवा आलेला. नावांच्या ओळी मी त्रेपन्नच केल्या. त्या रविवारपुढे नावाची जागा कोरी आली. मला वाटलं, एका दिवसाचा आठवडा कोण धरतो? तुझे बाबा वाट बघत बसतील हे डोक्यातच आलं नाही गं."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिला त्यांचा इतका राग आला की दार आपटून ती जागेवर आली, कंसात दोन लिहिलं, आणि चोपन्न खरोखर गेला. किती सोपं होतं! पण मग तिचा हात थांबला. हा दिवस पुन्हा गाळला तर बाबांना सोडवायला कोण जाणार? तिने दोन खोडला. चोपन्नावी ओळ घातली आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं. अडीनडीला तिने दोनदा मनोरा सांभाळला होता, म्हणून साहेबांना नाही म्हणता येईना.

"सुट्टीच्या दिवशी कसली गं ड्यूटी?" रविवारी निघताना आईने विचारलं.

"एकच दिवस आहे. उद्या येतेच."

आठला पाच मिनिटं असताना ती वर पोचली. त्रेपन्नाव्या आठवड्याचा गेटवाला मफलर गुंडाळून तयारच बसला होता. तिने नव्या वहीत सही केली. "पावलं वाजली तर मागे बघू नका हं, ताई," म्हणून तो एकेक पायरी गाळत उतरला.

खिडकीपाशी जुनी वही उघडीच होती. पानावर तळाशी बाबांचं तिरकं अक्षर: 'चार्ज देण्यास हजर. सकाळी आठ.' शेजारचा रकाना कोरा. शाई अजून ओली होती.

पावलं आली. तिच्या पाठीशी थांबली. बाबांच्या स्वेटरचा, ओल्या लोकरीचा वास आला आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, उशीर झाला," ती म्हणाली, आणि तिने रकान्यात सही केली.

मागे कोणीतरी लांब श्वास सोडला. मग पावलं जिना उतरू लागली. अठ्ठावीस वर्षांत कोणी ती उतरताना ऐकली नव्हती. खालचं दार वाजलं.

तासाभराने आईचा फोन आला. तिचा आवाज कापत होता.

"अगं, तुझे बाबा आलेत. चहा मागतायत. म्हणतात, पोरीने सही केली. पण माझ्यापेक्षा किती लहान दिसतायत गं ते! तू ये ना लवकर."

"येते हं," ती हसत, रडत म्हणाली. "उद्या आठला सुटते."

नव्या वहीसाठी उद्याच्या माणसाचं नाव तक्त्यात होतंच. जुनी मिटून टाकावी म्हणून तिने उचलली. तिची सही पानाच्या शेवटच्या ओळीवर होती. तिने पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता; आणखी एका सहीला जागाच उरली नव्हती.

ती जिन्याकडे गेली. पाय पहिल्या पायरीवर पडेना. पुढच्या माणसाच्या सहीशिवाय उतरायचं नाही, नियम तिला तोंडपाठ होता. ती परत आली आणि चहाचं आधण ठेवलं. चोपन्नावा आठवडा पुन्हा कधी येतो, ते तिने तारखा ओढून आधीच पाहिलं होतं.