रंगवलेला ठोकळा

आबांच्या, माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाला मी सांगलीहून गावी आले, तेव्हा त्यांची लाँच काठावर ओढून ठेवली होती. नौदलातून निवृत्त झाल्यावर आबांनी कोयनेच्या जलाशयावर हीच लाँच चालवली. धरणाने पलीकडे अडकवलेल्या आमच्या गावाला दुसरी वाट नाही; लाँच बाहेर असली की कोळ्यांच्या होडीने यायचं, तशीच मी आले होते. मेमध्ये पाणी उतरलं की आबा ती बाहेर काढून खालून तपासत.

यंदा गावाने श्राद्धासाठी ती रंगवली होती. वरून निळी, खालून तांबडी. मी वाकून पाहिलं. लाँच ढकलणाऱ्या पितळी पंख्याजवळचा ठोकळाही तांबडा होता.

"ह्याला रंग कुणी दिला?"

"मीच," ज्ञानू हौसेनं म्हणाला. आबांनंतर लाँच तोच चालवायचा. "लय खड्डं पडलं हुतं, आक्का. उंदरानं कुरतडल्यागत."

पितळ आणि लोखंड जोडून पाण्यात राहिलं की लोखंड खाल्लं जातं. म्हणून आबा तिथे मॅग्नेशियमचा ठोकळा बसवत. लोखंडाऐवजी तो झिजायचा. रंगाखाली पाणी त्याला शिवणारच नव्हतं, म्हणजे तो झिजणारही नव्हता. आता पंख्याचा लोखंडी दांडा गंजून जाणार, सुकाणूचे बोल्ट जाणार, कुणाला न दिसता.

"खरवडून काढ."

ज्ञानूने माझ्या धाकट्या भावाकडे पाहिलं. सयाजी पलटणीतून रजा काढून आला होता. सगळा बेत त्याचाच.

"आक्का, पावनं आल्यात," सयाजी म्हणाला. "लाँचीत आबांच्या फोटूला हार घातलाय. आजच ठिगळ दिसाय पायजे व्हय?"

"मग उद्या."

"उद्या ती पान्यात आसंल."

मी खुरपं घेऊन लाँचखाली शिरले. रंगाची एक साल निघाली तोच सयाजीने मनगट धरलं.

"आबा हुतं तवा कितींदा आलीस गं? आता शिकवतीस व्हय आमाला!"

"सोड की रं," मनुबाई आत्या म्हणाली. "बापावर माया हाय तिची. रडू दे."

मी रडत नव्हते. पण त्यानंतर माझं प्रत्येक वाक्य शोक म्हणून ऐकलं गेलं, आणि शोकाला कुणी उत्तर देत नाही.

सरपंचांनी भाषण केलं. आबा गावासाठी झिजले, म्हणाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात ज्ञानू माझ्याजवळ आला. बोटं तांबडी होती.

"तुमी खरवडलं तितंबी रंगाचा हात फिरीवला, आक्का. काळजी करू नगा."

लाँच पाण्यात ढकलली. माझी एस.टी. समोरच्या काठावरून सुटायची होती. सयाजीने फोटोखालची मानाची जागा रुमालाने पुसून दिली.

मी बसले.