पिशवीचं टोक

“अंथरूण दे इकडं, सयाजी. वढ्याला सोडून येतो,” गेणभाऊ म्हणाला.

माझ्या बायकोचा, साळूचा दहावा उरकून आम्ही नुकतेच घरी परतलो होतो. गेणभाऊ माझा चुलतभाऊ, भावकीत सगळ्यांत मोठा. मेलेल्या माणसाचं अंथरूण ओढ्यात टाकायचं, ही आमच्यातली जुनी रीत. म्हणता म्हणता त्याने साळूची वळकटी काखेत मारलीसुद्धा. मी ती ओढून घेतली.

“वढ्यात न्हाई टाकायची.”

“मग काय पांघरतो का?”

“पांघरीन.”



तीन वर्षांपूर्वी आमची म्हैस पोट फुगून मेली. डॉक्टरने पोट फाडलं, तर आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा. ती ओढ्याकाठी चरायची. त्या दिवसापासून साळू ओढ्यातल्या पिशव्या काढू लागली. घरात दूध पिशवीचं यायला लागलं, तर तीही पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालायची. बायका हसायच्या.

“साळुबाई, आज लुगडी लई बारकी धुतली गं!”

“तुझ्या म्हशीला नेसवते, ये,” साळू म्हणायची.

गेणभाऊने कोपऱ्यातल्या, तिच्या पिशव्यांनी भरलेल्या दोन पोत्यांकडे बोट दाखवलं. “ती तरी पेटवू. जुन्नरला नेईन म्हणत व्हती. नेली का कधी? कोण घेतं असला कचरा?”

“मी नेतो.”

“तेराव्याच्या आत उंबरा सोडतो?”

“बैलाला वैरण टाकायला सोडतोच की.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने निघालो. जुन्नरच्या भंगारवाल्याने पोत्याला हात लावला नाही.

“लोखंड आणा, बाटल्या आणा. हे नाय चालत, बाबा.”

दुसरा म्हणाला, “गटारीत टाका की.” मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. पोती खांद्यावर घेऊन आणखी दोन ठिकाणी विचारलं. शेवटी एका पंक्चरवाल्याने गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिथे पिशव्या वितळवून त्यांचा दाणा करत. त्या दाण्याचे पुढे पाइप होतात.

शेडवाल्याने पोत्यात हात घालून एक पिशवी काढली, नाकाला लावली.

“वास न्हाई. कुणी धुतल्या?”

“मंडळींनी.”

“लोकं आंबलेल्या आणत्यात, मी परत धाडतो. अन् हे बघा, टोकसुद्धा तोडलेलं न्हाई, नुसती चीर दिलीय. तोडलेलं टोक उडून जातं, मग जनावराच्या पोटात. लई शानी बाई. सांगा त्यांना, अशाच आणत जावा.”

ती गेली, हे मला सांगता आलं नाही. “आणतो,” एवढंच म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला. पिशवी हातात घेतली आणि सवयीने दाताने टोक तोडून अंगणात थुंकलो. दूध ओतलं, पिशवी धुतली, दोरीला चिमटा लावला आणि मग आठवलं. गुडघे टेकून माती चाचपू लागलो.

गेणभाऊ रस्त्याने चालला होता, तो आत आला.

“काय हरवलं रं?”

“टोक.”

“कशाचं?”

“पिशवीचं.”

“येडा झाला का, सयाजी?”

“व्हय,” मी म्हणालो. “पाय उचल. तुझ्या चपलीखाली असंल.”

 त्याने पाय उचलला.