मास्तरांची कात्री

मास्तरांनी कोमट पाण्याच्या पातेल्यातून हात बाहेर काढले आणि मूठ मिटून पाहिली. मिटली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ते हसले.

"वीस मिनिटं. काल तासभर लागला होता."

"वहीत लिहा," शिलाई मशीनवरून बायको म्हणाली.

वही दवाखान्यातल्या सिस्टरनी दिली होती. सकाळी सांधे किती वेळ आखडतात, गोळ्या घेतल्या का, थकवा किती, सगळं लिहायचं. मास्तरांनी घाईघाईनं 'वीस' लिहिलं आणि टेबलावर कापड पसरलं. एका हॉटेलातल्या नोकरांचे बारा कोट शनिवारपर्यंत द्यायचे होते.

"आज हात चालतोय. बाराही कापून टाकतो."

"मागच्या महिन्यातही असंच म्हणाला होतात."

मागच्या महिन्यात अशाच एका चांगल्या दिवशी मास्तर दिवेलागणीपर्यंत शाळेचे गणवेश कापत बसले आणि पुढचे तीन दिवस त्यांना शर्टाचं बटणही लावता आलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. संधिवात जडल्यापासून मास्तर मात्र दर चांगल्या दिवशी नव्यानं तोंड पोळून घेत. एरवी शहाणा माणूस. पण त्यांना भीती वाटायची. हाच शेवटचा चांगला दिवस असला तर? कात्री कायमची खाली ठेवावी लागली, तर मास्तर म्हणून हाक कोण मारणार?

"दुखायला लागल्यावर नाही, त्याआधी थांबा," असं सिस्टर म्हणाल्या होत्या. ते ऐकल्यापासून स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ बायकोनं कापायच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. आज तिनं न विचारता त्याला अर्ध्या तासाची चावी दिली.

घंटी वाजली तेव्हा दुसऱ्या कोटाची पाठ निम्मी कापून झाली होती. निम्म्यावर थांबलं की काठाला पायरी पडते, हे मास्तरांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. आणखीही एक शिकवलं होतं. कापणाऱ्याची कात्री दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. पात्याला एकाच हाताची सवय असते. तीस वर्षांत बायकोनं ती उचललेली त्यांनी पाहिली नव्हती.

अंगठ्याचं मूळ गरम लागत होतं. दुखत नव्हतं, अजून. मास्तर बराच वेळ खडूच्या रेघेकडे पाहत राहिले. मग कात्री कापडात तशीच ठेवून त्यांनी बोटं सोडवून घेतली.

"अगं, इकडे ये. एवढी रेघ पुरी कर."

"मी? तुमच्या कात्रीनं?"

"सांगतो तसं कर. पातं जरा..."

"डावीकडे ओढतं," ती म्हणाली, आणि अंगठा सैल सोडून तिनं रेघ शेवटपर्यंत नेली. काठाला कुठेही पायरी नव्हती.

मास्तर स्टुलावर टेकले. मागच्या महिन्यात त्या दिवशी विसाव्या गणवेशानंतर आपला हात उचलला गेला नव्हता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. शाळेला मात्र तीसच्या तीस वेळेवर गेले होते. उरलेले दहा कोणी कापले, हे अंथरुणावर पडलेल्या माणसानं कधी विचारलंच नव्हतं.

बायको मान खाली घालून कापड सरळ करत बसली होती.

"पुढचाही कापू?" तिनं हळूच विचारलं.

मास्तरांनी घड्याळ जवळ ओढलं. सिस्टरनी दाखवलं होतं तसं, बोटांवर जोर न देता, तळव्यानं त्याला अर्ध्या तासाची चावी दिली.

"काप. पण घंटी झाली की तूही थांबायचं."