उसना श्वास

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलात तर गोष्ट अर्धीच कानी पडेल. आज दोन जावांची कथा सांगतो, आणि त्यांच्यामध्ये ठाण मांडून बसलेल्या एका काळ्या पडद्याची.

दोघी एकाच दवाखान्याच्या तपासणी खोलीत कामाला. तिथल्या संगणकातला प्रोग्राम जुना. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि एकामागून एक प्रश्न. नाव बरोबर आहे का? नमुना कशाचा? पुढे जाऊ का? उत्तर टाइप केल्याशिवाय गाडी हलायची नाही. अगदी खाष्ट सासू! थोरलीने वर्षानुवर्षं त्याची मर्जी राखली होती. "ह्याला मीच पुरते," असं म्हणताना तिची मान अशी ताठ व्हायची की विचारू नका.

मग धाकटी आली. थोरलीच्या खांद्यामागे उभी राहून तिने सगळे प्रश्न अन् उत्तरं टिपली आणि एक स्क्रिप्ट लिहिली. पडद्यावर ओळखीचा प्रश्न दिसला की स्क्रिप्टच ठरलेलं उत्तर टाइप करी. माणसाने बोट लावायला नको. सकाळभराचं काम चहा निवायच्या आत उरकू लागलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "वा!" घरी सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं मशीनला वळण लावलं हो!" स्वयंपाकघरात भांडं दणकन वाजलं.

"काय गं पडलं?"

"काही नाही, निसटलं," थोरली म्हणाली.

एकदा ती बाजूला बसून पडद्याकडे बघत होती. भराभरा उत्तरं देणारी स्क्रिप्ट 'जुनी नोंद पुसून नवी लिहू का?' ह्या प्रश्नापाशी थबकली, आणि मग 'हो' म्हणाली.

"इथेच का गं अडते ही?"

"तुम्ही थांबता ना ताई! देवाचं नाव घेता, मग 'हो' दाबता. म्हटलं, हिलाही घेऊ दे एक श्वास."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची घेतली, कौतुक घेतलं, आता श्वासही उचलला!

ती देवाचं नाव घ्यायची हे खरं; पण घेता घेता दोन्ही नोंदींतलं जन्मवर्षही वाचायची. एकाच नावाची दोन माणसं निघाली तर 'नाही' म्हणायचं, हे धाकटीच्या गावीही नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरे होतं. थोरलीने ते गिळलं. 'पडू दे एकदा तोंडावर. खुर्ची आपोआप माझ्याकडे येईल.'

आणि तसा दिवस आला. पडद्यावर तोच प्रश्न, नावही एकच. नवी नोंद एका शाळकरी मुलीची. जुनी मात्र नेहमी येणाऱ्या एका हसऱ्या शिंपीणबाईची, जिच्या पुढे थोरलीनेच लिहून ठेवलं होतं: अमुक इंजेक्शनने गळा सुजतो, देऊ नये. पुसलं गेलं तर पुढच्या वेळी कोण सांगणार?

स्क्रिप्ट थांबली. उसना श्वास घेऊ लागली. धाकटी पाठमोरी, काचनळ्या लावत गुणगुणत होती. आता एक 'हो', की तिचं नाक कापलं जाणार! थोरलीच्या ओठांवर सवयीने देवाचं नाव आलं. आलं, आणि तिथेच अडकलं. त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्याच देखत गप्प बसायचं?

तिने झडप घातली; कंट्रोल आणि सी एकदम दाबून स्क्रिप्ट जागीच थांबवली.

"ताई! चालू काम तोडलंत?"

"वर्ष बघ."

धाकटीने दोन्ही वर्षं वाचली, पुन्हा वाचली. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"जळत होते गं तुझ्यावर. अजूनही जळतेय. पण त्यात त्या शिंपीणबाईनं का होरपळावं?"

धाकटीने हातातली काचनळी खाली ठेवली. मग म्हणाली, "मीही मागून बघून उचललं. समोर बसून विचारलं नाही." तिने स्क्रिप्ट उघडली. "आता ह्या प्रश्नाला ही उत्तर देणार नाही. थांबेल आणि कीबोर्ड तुमच्या हाती देईल."

"माझ्याच?"

"तुमच्याच. पण काय बघायचं ते मलाही शिकवा."

"बघू," थोरली म्हणाली. मान पुन्हा थोडी ताठ झाली, पण खुर्ची मात्र तिने बाजूला सरकवून धाकटीला जागा केली.

शिंपीणबाईला ह्यातलं काही कळलं नाही. तुम्हाला कळलंय. तेव्हा मायबापहो, घाईघाईने 'हो' म्हणायला जाल तेव्हा त्या थोरलीला आठवा. मन जळत असतानाच तिने हात पुढे केला होता.