चोवीस पळं

शुक्र भर दिवसा दिसला तर हे ग्वाल्हेरला राहणार, नाही दिसला तर भोपाळला जाणार. एका ग्रहावर संसार टांगायची हौस माझ्याच नवऱ्याला असू शकते.

१९५६ चा ऑक्टोबर होता. महिनाअखेर मध्य भारत राज्य संपणार होतं आणि ह्यांची कचेरी भोपाळला निघाली होती. बदलीचा हुकूम घरी आला होता. माझी शिक्षिकेची नोकरी ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या शाळेत. ती सोडायची, नाहीतर दोघांनी दोन गावांत राहायचं. मला दोन्ही नको होतं.

कॉलेजातल्या मुकुंदरावांनी वाट काढली. प्रयोगशाळेत हुशार हाताचा माणूस हवा होता. ह्यांनी दुर्बिणीला जोडलेलं यंत्र प्रिन्सिपॉलसाहेब रविवारी सकाळी दहा वाजता घरी येऊन बघणार होते. यंत्राने शुक्र शोधला तर जागा ह्यांची.

यंत्र म्हणजे लढाईच्या भंगारातल्या दोन छोट्या मोटारी. एक गच्चीवरच्या दुर्बिणीच्या दांड्यावर, दुसरी शेजारच्या टेबलावर. दुर्बीण जितकी फिरे, तितकाच टेबलावरच्या चकतीवरचा काटा फिरे. त्या मोटारींना घरातली वीज चालत नव्हती, म्हणून रेडिओच्या व्हॉल्व्हचा एक डबा वेगळा बांधला होता. तो तापला की माजघरभर वास सुटे. गच्चीवर ध्रुवताऱ्यावरून उत्तर-दक्षिण रेघ आखलेली होती. दुर्बीण त्या रेघेच्या बरोबर वर असली की काटा शून्यावर. पंचांगातल्या मध्यान्हावरून शुक्र रेघेपासून किती लांब ते काढायचं, काटा तिथे आणायचा, की शुक्र समोर.

शुक्र काही समोर येत नव्हता. ह्यांनी मोटारी तीनदा खोलल्या, डबा दोनदा नव्याने बांधला, आणि माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं. शनिवारी बाराच्या सुमारास म्हणाले, भोपाळला खोली बघायला हवी. मला इतका राग आला की मी मिरच्यांचं सूप उचलून सरळ गच्चीवर गेले.

मिरच्या पसरताना माझी नजर रेघेच्या टोकाशी टांगलेल्या ओळंब्याकडे गेली. त्याच्या दोरीची सावली रेघेवर चपखल बसली होती. म्हणजे सूर्य माथ्यावर. मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचांगात मध्यान्ह सव्वाबाराला होता. मी मिरच्या तशाच टाकून खाली पळाले.

ह्यांनी ऐकलं आणि घड्याळच चुकीचं ठरवलं. घड्याळ मी सकाळीच रेडिओच्या बातम्यांना लावलं होतं. मग आम्ही नानांकडे गेलो. माझे सासरे, चाळीस वर्षं देवस्थान खात्यात मुहूर्त काढलेले.

नाना जपमाळ न थांबवता म्हणाले, "पंचांग उज्जैनचं आहे. ग्वाल्हेरला चोवीस पळं वजा करायची. मी तर रोजच करतो."

"मग बोलला का नाहीत?" ह्यांचा आवाज चढला.

"मला वाटलं, मशीनीचा हिसाब अलग असेल."

चोवीस पळं म्हणजे जवळजवळ दहा मिनिटं, आणि तेवढ्यात आकाश अडीच अंश सरकतं. दुर्बिणीत अर्धा अंशसुद्धा मावत नव्हता. घरात तीन पिढ्या तेच पंचांग, आणि ही वजाबाकी छापलेलं पहिलं पान नानांखेरीज कुणी वाचलेलं नाही. यंत्रात काहीच खोट नव्हती. हे जमिनीवर बसले आणि पोटभर हसले. महिनाभरात पहिल्यांदा.

रविवारी साहेब आले. ह्यांनी टेबलाशी बसून आकडे सांगितले, मुकुंदरावांनी दुर्बीण फिरवली, काटा सरकत सरकत जागेवर आला. साहेबांनी डोळा लावला. मी जिन्याच्या दाराशी उभी होते.

"शुक्र तर चंद्रासारखाच कापलेला दिसतो की," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "पण तुमच्या हातात भोपाळचा हुकूम आहे. काय करणार?"

हे चकतीवरची धूळ पुसायला लागले. परक्या पुरुषांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"हे इथेच राहणार," मी म्हणाले.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांनी मान डोलावली आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. मी जिन्यात जाऊन बसले आणि पदर तोंडात धरून मनसोक्त रडले.