रकाना सात : शून्य चालणार नाही

रकाना १. माहिती भरणाऱ्याचा हुद्दा.

कारकून. हाताखाली कोणी नाही, डोक्यावर सगळे.

रकाना २. माहिती आज पाचपर्यंत न आल्यास किंवा ठरलेल्या पट्टीत न बसल्यास शाळा नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन होईल, हे वाचले काय?

वाचले. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनीही वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. मजकूर तोच निघाला.

रकाना ३. शेवटच्या वर्गातील पट.

चोवीस.

रकाना ४. त्यांपैकी शाळा पूर्ण करून दाखला मिळालेले.

तेवीस.

*पंच्याण्णव पूर्णांक त्र्याऐंशी टक्के. किमान शहाण्णव हवेत. कृपया तपासा.*

असे संगणक म्हणाला. तपासले. तेवीसच.

"सतरा शतांशांसाठी शाळा बंद?" मोठ्या बाई म्हणाल्या. "याहून जास्त साखर माझ्या बशीत सांडते."

"बाई, वकीलबाईला दाखला दिला की शंभर टक्के होतात."

वकीलबाई ही शेवटच्या वर्गातली मुलगी. फळ्यावरच्या तारखेवरही हरकत घेते, म्हणून हे नाव. सगळ्या विषयांत पास. दाखला अडलाय ग्रंथालयाच्या एका पुस्तकापायी. पुस्तक परत नाही तर दाखला नाही, हा नियम बाईंचा. तशी नोटीस मीच टाईप केली होती : पुस्तक क्रमांक सातशे बारा.

"तेवढा नियम जरा बाजूला..."

"नियमाला जरा नसतं. असतो, नाहीतर नसतो. बोलवा तिला."

रकाना ५. अपूर्ण राहण्याचे कारण (एका ओळीत).

"पुस्तक कुठंय?" बाईंनी विचारलं.

"सुरक्षित आहे," वकीलबाई म्हणाली.

"कुणाकडे?"

"शब्द दिलाय. नाव सांगणार नाही."

"अगं, सोमवारी तुला नर्सिंगच्या प्रवेशाला दाखला लागणार ना?"

"लागणार."

"मग? शब्द मोठा की नर्सिंग?"

वकीलबाईनं हळूच माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा कुठे मला आठवलं. सातशे बारा. 'सोपे सुतारकाम'. शिक्षकेतरांना दोनच पुस्तकं मिळतात, माझी दोन झालेली, म्हणून ते मी तिच्या कार्डावर नेलं होतं. बदल्यात तिला परीक्षेपर्यंत ऑफिसातल्या पंख्याखाली अभ्यासाला जागा. घरचं जेवणाचं टेबल डुगडुगत होतं, ते दुरुस्त करायचं होतं.

*उत्तर एका ओळीपेक्षा मोठे आहे.*

पुस्तक बाकी.

रकाना ६. सदर कारण दूर करण्यासाठी केलेले प्रयत्न.

पोट दुखतंय म्हणून घरी गेलो. दुखतही होतं.

"एवढ्या लवकर?" बायको म्हणाली. "काढलं वाटतं शाळेतून?"

"अजून नाही. ते सुतारकामाचं पुस्तक कुठंय?"

"टेबलाच्या पायाखाली."

"पायाखाली?"

"तुम्हीच ठेवलंत! म्हणालात, वाचून होईपर्यंत राहू दे. सहा महिने झाले, टेबल हललं नाही आणि तुम्हीही."

मी वाकून पुस्तक ओढलं. टेबल कलंडलं, आमटीचं पातेलं घसरलं, बायकोनं ते हवेत झेललं आणि मला जे म्हणाली ते सरकारी कागदावर येणार नाही.

चार वाजता जिन्याखाली पुस्तक वकीलबाईच्या हातात दिलं. "काका, मी शेवटपर्यंत बोलले नसते हं," ती म्हणाली. बायकोपेक्षा हिनंच मला जास्त खजील केलं.

मोठ्या बाईंनी पुस्तक उलटसुलट केलं. "मधोमध हा चौकोनी खड्डा कसला?"

"जड वाचन आहे, बाई," मी म्हणालो.

बाईंनी दाखल्यावर सही केली. रकाना ४ दुरुस्त : चोवीस. शंभर टक्के. सुटलो, मला वाटलं.

रकाना ७. वर्षभरातील शिस्तभंगाच्या घटना.

शून्य.

*शून्य स्वीकारले जाणार नाही.*

गेल्या वर्षीचे मुख्याध्यापक मुलांचं हसणंसुद्धा लिहून ठेवत. दोनशे बारा घटना भरल्या आणि आमची शाळा यादीत तळाला गेली. म्हणून मोठ्या बाईंनी आल्या आल्या ती वहीच कुलूपबंद केली. भांडणं वडाच्या पारावर मिटवायची, लिहायची नाहीत. बाईंनी वरच्या कार्यालयात फोन लावला.

"शून्य भरणारे लपवतात, असं धरलं जातं," पलीकडून आवाज आला. "एक ते दहा चालतं."

"पण लिहून ठेवण्यासारखं काही झालंच नाही!"

"मॅडम, पाचला बंद होणार." फोन ठेवला.

चार चाळीस.

"एखादी काच फुटली म्हणून लिहूया?" मी म्हणालो.

"फुटली का?"

"फोडतो."

"खोटं लिहिणार नाही मी. शाळा गेली तरी चालेल." एवढं म्हणून बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मैदानावर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. शाळा गेली तर चालणार नव्हतं, हे बाईंच्या पाठीवरून दिसत होतं.

वकीलबाई दाखला छातीशी धरून दारातच उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम.

चार अठ्ठेचाळीस.

"बाई," मी म्हणालो, "घटना एक. आरोपी मी."

सगळं सांगितलं. टेबल, कार्ड, पंखा, खड्डा. आमटी वगळली.

मोठ्या बाई खिडकीपासून वळल्या. मग म्हणाल्या, "या पोरीचं वर्ष घालवलं असतंत."

"हो."

"बाई, त्यांचा पहिलाच गुन्हा आहे," वकीलबाई म्हणाली. "आणि कार्ड मी स्वखुशीनं दिलं."

"तू गप्प बस. तुझी शाळा संपली."

रकाना ८. केलेली शिक्षा.

बाईंनी सांगितलं, मी लिहिलं : पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे. टेबल दुरुस्त करून दाखवणे. मुदत आठ दिवस.

"पण बाई, माझ्या नावावर दोन पुस्तकं आहेतच. तिसरं मिळत नाही. आणि हिचं कार्ड आज रद्द झालं."

बाईंनी घड्याळ बघितलं. चार छप्पन्न. पर्समधून स्वतःचं कार्ड काढून माझ्यापुढे सरकवलं.

"बाई! नियम?"

त्यांनी मान वाकडी करून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं.

"दहापर्यंत चालतात ना?"

रकाना ७ दुरुस्त : दोन.

*स्वीकारले.*