उघड्या विटांचं हॉटेल

चारबाग स्टेशनमागच्या बंद बर्फ कारखान्यात मराठी जेवणाचं हॉटेल काढायचं ठरलं, तेव्हा मला एकच हवं होतं. लखनौच्या लोकांनी माझी पुरणपोळी मन लावून खावी. नवरा हवाई दलात, जन्मभर बदल्या. जिथे गेले तिथे लोकांनी ‘मीठा पराठा’ म्हणून तिची बोळवण केली. आता हॉटेल माझं, तवा माझा!

पण सजावट दिराच्या मुलाकडे, विपुलकडे गेली. स्वारी दिल्लीहून डिझाइन शिकून आलेली. वाढला लखनौत, त्यामुळे मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत.

“काकू, बिल्डिंग की आत्मा बाहर लानी है.”

आत्मा म्हणे विटांत होती. कारखान्याच्या भिंतींना आतून लाकडी फळ्या आणि फळ्यांमागे भाताची तुसं ठासून भरलेली. “क्या कचरा भर रखा है!” म्हणत साहेबांनी सगळं उपसून टाकलं. मी म्हटलं, “अरे, बर्फ वितळू नये म्हणून असेल ते.”

“अब बर्फ थोड़ी बनाना है, काकू!”

बरोबर आहे बाबा. माणसं वितळली तरी चालतं.

उद्घाटन मे महिन्यातल्या भर दुपारी. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरून ओळखीची कुटुंबं आली. वर पत्रा, भोवती तापलेल्या विटा. एसीने तासाभरात हात टेकले. मंडळींनी मेनूकार्डांनी वारा घेतला, विटांबरोबर फोटो काढले, “वाह, क्या लुक है!” म्हणाली आणि निघाली. “अहो, जेवून तरी जा!” मी दाराशी गयावया करत होते.

“फिर कभी, भाभीजी!”

पुरणाचं पातेलं भरलेलंच राहिलं. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात विपुल फोन नाचवत आला. “काकू, फोटो हिट हो गए!”

“बस इथे.” मी त्याच्यापुढे तुपाने माखलेली पोळी आदळली. घामाने निथळत त्याने ती संपवली, आणखी दोन मागून घेतल्या. मग त्याने आजूबाजूच्या रिकाम्या टेबलांकडे बघितलं.

“काकू,” तो चक्क मराठीत म्हणाला, “ही कुणीच नाही खाल्ली?”

“नाही रे. तुझ्या विटांनीच पोट भरलं सगळ्यांचं.”

त्याने मान खाली घातली. “उद्या भिंती झाकतो.”

“आधी जेव,” मी म्हटलं आणि चौथी वाढली. संताप होत होता नुसता, पण दिवसभरात माझ्या हॉटेलात जेवलेलं तेवढंच एक माणूस होतं.